वासावरचा स्वयंपाक

निघोज्यातल्या मीरासाहेब मुलाणींच्या बायकोचं नाव बेगम. मीरासाहेब गॅरेजवरून फोन करून "बेगम, डबा पाठव" म्हणाले की शेजारी बसलेलं नवखं गिऱ्हाईक गालातल्या गालात हसायचं. म्हाताऱ्याचं प्रेम अजून टिकून आहे, असं त्याला वाटायचं. मग मीरासाहेबच हात पुसत सांगायचे, "अहो, नावच हाय तिचं. आईबापानं ठेवलेलं. मी काय करू?"

बेगम मंचरहून लग्न होऊन आली तेव्हा निघोज्यात बाजरी डोलत होती. आता त्याच रानात कंपन्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि रस्त्यावरून कंटेनर जातात. मुलाण्यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर मीरासाहेबांनी पुढे गॅरेज आणि मागे घर बांधलं, घराच्या कडेनं चार खोल्या काढल्या आणि त्या कामगारांच्या कुटुंबांना भाड्यानं दिल्या. लेक सादिका चऱ्होलीला दिली. मुलगा तौसिफ कंपनीत लागला. त्याची बायको उझ्मा पिंपरीच्या संत तुकाराम नगरात वाढलेली, शिकलेली. तीही चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात पहिल्या शिफ्टला जायची.

बेगम शाळेत फारशी गेली नव्हती, बाजारहाटही मीरासाहेबच करायचे. पण चुलीपुढं तिचा शब्द शेवटचा. तिच्या हातचा अख्खा मसूर, भरली वांगी, दालचा-खाना म्हणजे मटणाची आंबट डाळ आणि भात, यांची गावात आठवण काढली जायची. कुणाकडे साखरपुडा असो की मयतीनंतरचं जेवण, बायका आधी बेगमला विचारून जायच्या. ती सांगायचीही मोकळेपणानं, हातचं काही राखायची नाही. पण तिच्या सांगण्यात वाटी नसायची की चमचा नसायचा.

"कांदा टाकायचा. त्येचा उग्रपणा जाऊन गोड वास सुटला की लसूण. लसणाचा वास नाकात बसला की मसाला. मसाल्यानं शिंक येईल असं वाटलं की पाणी. संपलं."

"पण चाची, किती वेळ?"

"वासाला इचार की. मला काय इचारतीस?"

तर अशा बाईचं एका हिवाळ्यात नाक गेलं.

झालं असं की थंडीतापानं बेगम आठवडाभर अंथरुणाला खिळली. तौसिफनं डॉक्टर आणला, औषध झालं, ताप उतरला. उठून बसल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल तर स्वयंपाकघरात गेली. लसूण सोलला, ठेचला, तेलात टाकला. लसूण तडतडला, कडेनं तांबूस झाला, पण त्याच्यापासून काही आलंच नाही. सर्दी असेल, असं तिला वाटलं. वाफ घेतली, ओवा पुरचुंडीत बांधून हुंगला. ओव्याचंही काही आलं नाही.

सर्दी गेली तरी तेच. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं मसाल्याचा डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं. लवंग, दालचिनी, धने, काळा मसाला. नाकाला हळद लागली, डोळ्यांना पाणी आलं, पण वास म्हणून काही नाही. जिभेला खारट कळत होतं, आंबट कळत होतं, मिरची झोंबत होती. पण मसूर आणि मटकी यांच्यात फरक उरला नव्हता. डोळे मिटून खाल्लं तर बटाटा कुठला आणि दुधी कुठला हेही कळेना. डबा मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. घरात मयत झाल्यासारखं तिला वाटलं, आणि सांगायचं तरी कुणाला?

तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणत राहिली. आणि डोळ्यांवर, सवयीवर स्वयंपाक रेटत राहिली. कधी जमायचं, कधी मसाला करपायचा, कधी कच्चा राहायचा. मीरासाहेब खाली मान घालून जेवायचे आणि नेहमीपेक्षा एक पेला पाणी जास्त प्यायचे. तौसिफची शिफ्ट फिरती; तो अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवून खायचा. उझ्मा काही बोलायची नाही. या घरात येऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण मोठ्या पातेल्याला तिनं कधी डाव लावला नव्हता. ती पुढं आली की बेगम म्हणायची, "राहू दे गं, दमून आलीस. बस जरा." उझ्मा पोळ्या लाटायची, भांडी विसळायची आणि आपल्या खोलीत जायची.

खोल्यांपैकी पहिल्या खोलीत रुक्मिणीबाई राहायच्या. परभणीकडच्या. नवरा उद्धवराव एका गोदामात पहारेकरी. रुक्मिणीबाईंचं आणि बेगमचं भांड्यांचं येणं-जाणं होतं. एकीकडून भरून गेलेली वाटी दुसरीकडून रिकामी कधी यायची नाही. एकदा त्या कारळाची चटणी घेऊन आल्या.

"भाभी, चव बघा बरं. गावाकडून आणलेलं कारळ आहे."

बेगमनं चिमूट तोंडात टाकली. तिखट लागलं, मीठ लागलं.

"झकास झालीया. लसूण बेतानं पडलाय."

रुक्मिणीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "असं कसं वो भाभी? मला तर खवट लागायली. डब्यात राहून कारळ खराब झालंय की काय, हेच विचारायला आले होते मी."

बेगमचा चेहरा पडला. "आजारपणानं तोंडाला चव न्हाई अजून," असं काहीतरी बोलून तिनं विषय बदलला. रुक्मिणीबाई गेल्या खऱ्या, पण जाताना दारातून एकदा मागं वळून बघून गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं.

उझ्मा पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आली. दार लोटलं आणि उंबऱ्यातच थबकली. घरभर गॅस भरला होता. आत ओट्यापाशी बेगम उभी. एका शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन खालची ज्योत विझली होती आणि बटण तसंच चालू होतं. बेगमच्या एका हातात चहाचं भांडं आणि दुसऱ्या हातात लायटर. ती दुसरी शेगडी पेटवायच्या बेतात होती.

"अम्मी, थांबा! हात लावू नका!"

उझ्मानं धावत जाऊन लायटर हिसकावला, बटण फिरवलं, खाली वाकून सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. मग सासूचा दंड धरून तिला ओढतच अंगणात आणलं. दोघी जांभळाखालच्या कट्ट्यावर बसल्या.

"एवढा वास येतोय, अम्मी! रस्त्यापर्यंत येतोय. तुम्हाला आला नाही?"

बेगमनं हातातलं चहाचं भांडं कट्ट्यावर ठेवलं.

"दूध तुमच्यासमोर उतू गेलं असेल..."

"मी मेथी निवडत व्हते. पाठ व्हती."

"पण वास?"

बेगमनं पदर तोंडाला लावला. आतापर्यंत कुणापुढे आलं नव्हतं ते पाणी सुनेपुढे डोळ्यांतून वाहायला लागलं. उझ्माला आधी कळेना. भांडण झालं तरी न रडणारी बाई ही. मग हळूहळू तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. करपलेला मसूर. कच्च्या धन्याची आमटी. आंबलेली डाळ, जी तिनं गुपचूप मोरीत ओतली होती.

"कधीपासून, अम्मी?"

"ताप आला तवापासनं."

"म्हणजे दोन महिने? आणि तुम्ही कुणालाच..."

"काय सांगू?" बेगम म्हणाली. "सांगितलं की म्हणशाल, आता तुमी बसा. घरात बाकी सगळं तुमचंच हाय गं. गॅरेज त्येंचं, नोकऱ्या तुमच्या. माझं एवढं एक व्हतं. बसून काय करू मी? भिंतीकडं बघू?"

उझ्मा कट्ट्यावर तिच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. म्हणून मला तुम्ही पातेल्यापाशी येऊ देत नाही."

बेगमनं पदर खाली घेतला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पण तीन वर्षं तुम्ही मला बस म्हणताय."

"अगं, पहाटं उठून जातीस, दिवसभर उभी असतीस कंपनीत. मी नवी नवरी असताना मला कुणी बस म्हणलं न्हाई. म्हणून म्हणत व्हते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि उझ्माला रडू यायच्या ऐवजी हसू फुटलं. मग बेगमलाही. आत घरातला गॅस वाऱ्यानं निघून जात होता आणि या दोघी कट्ट्यावर डोळे पुशीत हसत होत्या. भाजीचा गाडा घेऊन जाणारा माणूस त्यांना बघून गाडा न थांबवताच पुढे गेला.

उझ्मानं दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकली आणि बेगमला पिंपरीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. घरात डोळे दाखवायला जातो असं सांगितलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तपासलं आणि समजेल असं सांगितलं. तापानं वासाची नस सुस्त झाली आहे. परत येईल, कदाचित अर्धवट येईल, कदाचित नाही येणार. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी असं काहीतरी हुंगा, मनात तो वास आठवा. नसेला आठवण करून द्यायची. घाई करू नका.

परतीच्या रिक्षात बेगम म्हणाली, "घरात सांगू नगंस. सादिकाचं झाल्यावर सांगू."

सादिकाला सातवा महिना लागणार होता. सतवासा, म्हणजे सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, माहेरी व्हायचा, असं ठरलेलं होतं. तौसिफ केटररला सांगू म्हणत होता, पण सादिकानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं: "मला केटररचं नको. मला अम्मीच्या हातचा दालचा-खाना पाहिजे. इतके दिवस काही गोड लागत नाही, तेवढा एकच डोळ्यांपुढं येतोय."

उझ्मानं विचार केला. "सांगणार नाही. पण माझं ऐकायचं. गॅस मी घरात असले तरच पेटवायचा. मी नसताना विजेची शेगडी. आणि रविवारचा मोठा स्वयंपाक दोघींनी मिळून."

"मिळून म्हणजे?"

"हात तुमचा, नाक माझं."

ऐकायला सोपं होतं. करायला बसल्या तेव्हा कळलं की उझ्माला वास येतो खरा, पण तो सांगता येत नाही. पहिल्या रविवारी मसूर केला. कांदा तेलात पडला.

"कसा वास येतोय?" बेगमनं विचारलं.

"चांगला येतोय."

"चांगला म्हंजी?"

"म्हणजे... कांद्याचा."

"अगं, कांदा टाकलाय तर कांद्याचाच येनार. उग्र येतोय का गोड? डोळ्यात जातोय का पोटात?"

उझ्मा पातेल्यावर वाकली, डोळे मिटले. "अजून डोळ्यात जातोय."

"मग थांब."

थोड्या वेळानं उझ्मा म्हणाली, "आता बदलला. आता... गुळाच्या काकवीसारखं काहीतरी."

"हां! आता लसूण टाक."

असे त्यांचे रविवार सुरू झाले. उझ्माला जे वाटेल ते ती बोलायची आणि बेगमला त्यातून नेमकं काय ते उमगायचं. सुकं खोबरं भाजताना उझ्मा म्हणाली, "इस्त्री केलेल्या शर्टासारखा वास आला." बेगम म्हणाली, "उतरव लगेच, पुढं गेलं की तेल कडू व्हतं." धने भाजताना "संत्र्याची साल" आली तेव्हा कढई खाली उतरली. हळद तेलात पडली तेव्हा "ओल्या मातीच्या मडक्यासारखा" वास होता आणि तो जाऊन "काहीच नाही, नुसता पिवळा" झाला तेव्हा वाटण पडलं. "नुसता पिवळा" या शब्दावर बेगम खूप हसली, पण तो दोघींना कळला, आणि घरात रुळलासुद्धा.

उझ्मा बोलत असताना बेगमला काही वेळा मजेशीर वाटायचं. नाकाला काही येत नव्हतं, पण उझ्मानं "काकवी" म्हटलं की मनात काकवीचा वास उभा राहायचा. सकाळी लवंग हुंगतानाही ती आता हेच करायची: लवंगेला काय म्हणावं, ते शोधायची. लहानपणी दुखऱ्या दाढेवर अम्मा लवंग ठेवायची तेव्हाचा वास. हाताला तंबाखूचा वास असलेल्या एका म्हाताऱ्या वैद्याचा.

सतवाशाचा दिवस आला. चऱ्होलीहून सादिका, तिची सासू, नणंदा, मंचरचे भाऊ-भावजया, गॅरेजची माणसं, खोल्यांमधली बिऱ्हाडं. पन्नासेक पान होणार होतं. अंगणात ताडपत्री बांधली आणि कट्ट्याजवळ मोठी शेगडी मांडली. सकाळपासून रुक्मिणीबाई पदर खोचून हजर होत्या. दुधी त्यांनी चिरला, कांदा त्यांनीच चिरला, आणि आपल्या भागात ओटीत काय काय घालतात ते सादिकाच्या सासूला रंगवून सांगितलं.

बेगमनं हरभऱ्याची आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून घोटून ठेवली. मटण आल्या-लसणात मुरलं होतं. मोठ्या पातेल्यात तेल तापलं, खडा मसाला फुलला, कांद्याचा ढीग पडला. उझ्मा शेजारी उभी. बाकीच्यांना वाटत होतं सून मदतीला आहे. दोघींचं बोलणं शेगडीच्या आवाजात ऐकू जात नव्हतं.

"डोळ्यात?"

"डोळ्यातच अजून."

"आता?"

"काकवी."

आलं-लसूण पडलं. मटण पडलं, परतलं, मसाला पडला. बेगम डावानं तळापासून हलवत होती. दंडाला कळ लागत होती, पण आज तिनं डाव कुणाला दिला नाही. थोड्या वेळानं कडेनं तेल सुटलं. लालभडक, चकचकीत तेल. बेगमनं ते पाहिलं. आयुष्यभर हेच पाहिलं होतं: तेल सुटलं की मसाला शिजला.

"पाणी दे," ती म्हणाली.

उझ्मानं पाण्याचं भांडं उचललं नाही. ती पातेल्यावर वाकली. "अम्मी, नाही. अजून कच्चा आहे."

"तेल सुटलंय की. बघ."

"दिसतंय. पण वास कच्चा येतोय. धन्याचा, भुशासारखा."

बेगम थांबली. डोळे सांगत होते, शिजला. हात सांगत होता, शिजला. पंगत बसायची वेळ होत आली होती, तौसिफ दोनदा येऊन "किती वेळ?" विचारून गेला होता. आणि समोर ही पोर, जी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पातेल्यापाशी उभी होती, ती म्हणत होती, नाही. तिनं उझ्माकडे पाहिलं. घामानं तिची ओढणी मानेला चिकटली होती आणि ती घाबरली होती. पण डोळे खाली करत नव्हती.

बेगमनं परत पातेल्यात पाहिलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. मटण चरबीचं होतं. मीरासाहेबांनी लेकीसाठी म्हणून बोकड चांगला जाडजूड निवडून आणला होता. ते वर आलेलं तेल मसाल्याचं नव्हतंच. चरबी वितळून आधीच वर आली होती.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तवा."

ती हलवत राहिली. ताडपत्रीखाली पोरं ओरडत होती, कुणीतरी पानं मांडत होतं. उझ्मा पातेल्यावरून हलली नाही. वाफेनं तिचा चेहरा लाल झाला. मग एकदम तिनं मान वर केली.

"आता. आता शिंक आली. येऊन थांबली."

"टाक पाणी!"

पाणी पडलं, डाळ पडली, दुधी पडला, शेवटी चिंचेचा कोळ. पातेलं रटरटायला लागलं तेव्हा तिकडून रुक्मिणीबाई ओरडल्या, "भाभी, वासानंच पोट भरायलंय की वो!" बेगमनं हातातला डाव खाली ठेवला आणि दंड चोळत कट्ट्यावर बसली.

पंगत बसली. सादिकाला हिरव्या साडीत मधोमध बसवलं. तिच्या ताटात पहिला खाना बेगमनं वाढला, वर दालचा ओतला. सादिकानं घास घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं दुसरा घेतला, मग तिसरा. मग मान वर करून म्हणाली, "अम्मी, लई भारी झालाय. पण तुझा न्हाई वाटत. काहीतरी वेगळं हाय."

"वाईट हाय?"

"वाईट कसलं! अजून वाढ. पण वेगळा हाय. मसाला जास्त मुरल्यासारखा."

उझ्मा खान्याची परात घेऊन पुढच्या पानाकडे निघाली होती. ती मागं न बघता तशीच पुढे गेली. बेगमला ते दिसलं. बेगम स्वतः बोलली नसती तरी चाललं असतं. मटण वेगळं होतं, म्हणाली असती, तर कुणी काही विचारलं नसतं आणि कौतुक सगळं तिच्या पदरात पडलं असतं.

"उझ्माचा हाय तो," बेगम म्हणाली. "मी नुसता डाव हलवला. मला वास येत न्हाई, सादिका. तापापासनं येत न्हाई. चवसुदीक अर्धीच येती. आज मी पाणी टाकायला निघाले व्हते, मसाला कच्चा राहिला असता. तिनं थांबवलं."

सादिकाचा घास हातातच राहिला. "आणि मला सांगितलं न्हाईस? मी फोनवर दालचा, दालचा करत बसले..." तिचे डोळे भरून आले. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस, आज रडायचं न्हाई," बेगम म्हणाली. "तू मागितलास म्हणून तर जमला. न्हाईतर मी कधी हिला पातेल्याशी उभं केलं असतं?"

मीरासाहेब पाण्याचा जग घेऊन उभे होते. ते खाकरले. "मला ठाऊक व्हतं."

बेगमनं वळून पाहिलं. "काय ठाऊक व्हतं?"

"तुझ्या नाकाचं. मसूर करपला तवा पयल्यांदा वाटलं. मंग एक दिवस डब्यात डाळ आंबलेली आली. तू आंबलेली डाळ घालशील व्हय? तवा कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलंना. म्हणलं, सांगंल तवा सांगंल."

"आणि ती डाळ?"

"खाल्ली."

"आंबलेली?"

"निम्मी," मीरासाहेब म्हणाले. "निम्मी कुत्र्याला घातली. त्येनंबी हुंगून बघितली अन् मंग माझ्याकडं बघितलं."

सगळी पंगत हसली. सादिका रडता रडता हसली. बेगमनं पदरानं डोळे टिपले आणि नवऱ्याला म्हणाली, "येड्यागत. पोटाला काय झालं असतं म्हंजी?" एवढंच म्हणाली, पण वाढताना त्यांच्या ताटात तिनं नळीची हाडं वेचून घातली, हे रुक्मिणीबाईंनी बरोबर पाहिलं.

सादिकाला मुलगी झाली. आता ती चालायला लागली आहे. बेगमचं नाक पूर्ण परतलं नाही. लवंग परत आली, निलगिरी आली. लिंबू कधी येतं, कधी नाही. कोथिंबिरीला मात्र साबणासारखा वास येतो आणि तो खरा नाही, हे तिला कळतं. ती त्याच्याशी भांडत नाही. डॉक्टर म्हणाला, असंही होतं, हळूहळू सुधारेल.

मोठं पातेलं आता दोघींचं आहे. गावातल्या बायका अजून कृती विचारायला येतात आणि आता त्यांना दोघी मिळून सांगतात. बेगम सांगते, कांदा कसा दिसला पाहिजे, डावाला कसा लागला पाहिजे, तेलाचा आवाज कधी बारीक होतो. उझ्मा सांगते, कसला वास यायला हवा. तिच्या काकव्या आणि इस्त्रीचे शर्ट ऐकून बायका आधी हसतात. नंतर घरी जाऊन करून बघतात आणि फोन करतात की हो, शर्टाचाच आला.

परवाच्या रविवारी उझ्मानं पहिल्यांदा एकटीनं केलं, आणि ते मुलाण्यांच्या घरचं नव्हतं. तिच्या माहेरचे लोक मूळचे सोलापूरचे; त्यांच्याकडची शेंगदाण्याची आमटी आणि कडक भाकरी. बेगमला तिनं स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही.

"बसा जरा," म्हणाली.

बेगम बसली. ताट आलं. तिनं भाकरी कुस्करली. कडकड वाजली तसं चऱ्होलीहून आलेल्या नातीनं टाळ्या पिटल्या. बेगमनं आमटी ओतली, कालवली, घास घेतला. उझ्मा समोर उभी, हात ओले, पुसायचं भान नाही.

"तिखट बेताचं हाय," बेगम म्हणाली. "मीठ बरोबर. दाटपणा लई छान. शेंगदाणा जिभंवर नुसता लोण्यावानी व्हतोय." मग तिनं मान वर केली. "बाकीचं तू सांग. वास कसा आलाय?"

उझ्मा तिच्यासमोर बसली, स्वतःचं ताट ओढलं, वाकून आमटीचा वास घेतला आणि आपल्या आईच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखी क्षणभर थांबली. मग सांगायला लागली. बेगम ऐकत ऐकत जेवत राहिली.

"अजून वाढ," ती मध्येच म्हणाली, "आणि सांगायची थांबू नगंस."